मिनेसोटातली मिरपूड

कोल्हापुरात, म्हणजे माझ्या सासरी, मी सपक खाणारी म्हणून प्रसिद्ध आहे. माहेर रत्नागिरीचं. गुळाचा खडा पडल्याशिवाय आमटीला आमटी म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. लग्नानंतर सासूबाईंनी माझ्यासमोर रश्शाची वाटी ठेवली, माझ्या डोळ्यांतून वाहणारं पाणी शांतपणे पाहून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, "गुळावर वाढलीया पोरगी, तिचा काय दोष!" तेव्हापासून त्या घरात माझी वाटी लहान मुलांच्या पंगतीबरोबर भरली जाते. मोठ्यांच्या पंगतीत कधी बढती मिळेल, ही आशा मी सोडूनच दिली होती.

ती बढती मला अमेरिकेने दिली. मिनिॲपोलिसच्या एका उपनगरात आम्ही राहतो. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांचे पणजोबा नॉर्वे, स्वीडन नाहीतर जर्मनीतून आलेले. इथे मी तिखट खाणारी बाई म्हणून ओळखली जाते. जीभ तीच, पोट तेच, फक्त शेजार बदलला. एका समारंभात मी उकडलेल्या अंड्यावर मिरपूड भुरभुरली, मग आणखी थोडी भुरभुरली, तेव्हा समोरच्या घरातल्या आजींनी न बोलता पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून ठेवला. इथल्या जुन्या घरांत स्वयंपाकाला मीठ आणि मिरपूड लागते असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात मीठ हा मसाला असतो आणि मिरपूड ही धमकी.

मिनेसोटाच्या घरगुती जेवणाचा राजा म्हणजे हॉटडिश. बाकीचा देश ज्याला कॅसरोल म्हणतो, साधारण तेच. पण तसं मिनेसोटाच्या माणसाला सांगू नये. एका चौकोनी भांड्यात परतलेला खिमा पसरायचा. त्यात कांदा घालायचा की नाही, हे त्या घरच्या स्वभावावर. वर मटार, मका किंवा फरसबी, डब्यातली किंवा फ्रीझरमधली. मग क्रीम ऑफ मशरूम सूपचा डबा उघडून तो ओतायचा. शेवटी टेटर टॉट्स, म्हणजे बटाट्याच्या किसाचे बोटाच्या पेराएवढे तळलेले तुकडे, कवायतीला उभे केल्यागत रांगेत मांडायचे आणि 350 अंश फॅरनहाइटला तासभर भाजायचं. झाला पदार्थ. फोडणी नाही, वाटण नाही, खमंग वासाने शेजारी दारात येऊन उभा राहील अशी कुठलीही तरतूद नाही.

पण या साधेपणाला इतिहास आहे. कॅम्पबेल कंपनीने ते मशरूमचं सूप 1934 साली बाजारात आणलं. मिनेसोटाच्या चर्चमधल्या बायकांनी त्याचा इतका वापर केला की त्याला थट्टेने 'लूथरन बाइंडर' असं नाव पडलं. टेटर टॉट्स आले 1953 साली. ओर-आयडा कंपनीच्या कारखान्यात फ्रेंच फ्राइज कापून जो बटाट्याचा चुरा उरायचा, त्याचं काय करायचं या विवंचनेतून. (उरलेल्याचं काय करायचं या प्रश्नातून जगातले निम्मे चांगले पदार्थ जन्माला आलेत, फोडणीची पोळी हा आमच्या बाजूचा पुरावा.) थँक्सगिव्हिंगच्या जेवणात जे फरसबीचं कॅसरोल घरोघर असतं, ते 1955 साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे, कॅम्पबेलच्याच प्रयोगशाळेतल्या स्वयंपाकघरात, डॉर्कस रायली यांनी तयार केलं. त्यांचं मूळ कृतीचं कार्ड आज अमेरिकेतल्या संशोधकांच्या राष्ट्रीय स्मारक-संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे. आमच्याकडे खरी मिसळ कोणत्या गावची, यावरून अजून माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात. यांच्याकडे फरसबीच्या कॅसरोलला आई, गाव, साल, सगळं आहे.

माझ्या नवऱ्याने पहिला हॉटडिश चर्चच्या तळघरातल्या पॉटलकला खाल्ला. पॉटलक म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. लांबलचक टेबलावर वीसेक भांडी होती आणि ती सगळी पांढऱ्यापासून फिक्या तपकिरीपर्यंतच्या रंगांत होती. अपवाद एकच: लिंबाच्या स्वादाच्या हिरव्यागार जेलोत किसलेलं गाजर अडकवलेलं होतं. "हे गोड आहे की कोशिंबीर?" त्याने मला हळूच विचारलं. कोशिंबीर आहे, मी म्हटलं. तो बराच वेळ त्या थरथरत्या गाजराकडे पाहत राहिला. मग त्याने हॉटडिश वाढून घेतला, पहिला घास घेतला, चावला, थांबला, आणि अजून काहीतरी यायचंय अशा चेहऱ्याने वाट पाहू लागला. काही आलं नाही. शेवटी त्याने खिशातून डबी काढली. कोल्हापूरची माणसं प्रवासात पाकीट विसरतात, कांदा-लसूण मसाल्याची डबी विसरत नाहीत. त्याने टेबलाखाली हात नेऊन, तंबाखू मळणाऱ्याच्या सावधपणे, ताटावर चिमूटभर मसाला सोडला. शेजारी बसलेल्या गृहस्थांना शिंक आली. त्यांनी माफी मागितली.

तरीही, तिखट खाणं म्हणजे शौर्य आणि सपक खाणं म्हणजे भित्रेपणा, हा जो आमच्या घरातल्या पुरुषवर्गाचा सिद्धांत आहे, तो लुटेफिस्कपाशी संपतो. कॉड मासा कडक वाळवायचा, मग ज्या क्षाराने पूर्वी साबण बनवत त्या क्षाराच्या पाण्यात भिजवायचा, मग क्षार निघून जाईपर्यंत कित्येक दिवस साध्या पाण्यात बुडवायचा, आणि तो पारदर्शक, लिबलिबित झाला की शिजवून खायचा. वास असा की सुकटीच्या वासात वाढलेल्या मलाही दोन पावलं मागे सरावं लागलं. थंडी सुरू झाली की चर्चमध्ये याच्या पंगती बसतात. मिनेसोटाच्या पश्चिमेला मॅडिसन नावाचं छोटं गाव आहे. ते स्वतःला लुटेफिस्कची राजधानी म्हणवतं आणि तिथे कॉड माशाचा भलामोठा पुतळा आहे. लुटेफिस्कवर वितळलेलं लोणी ओतायचं की पांढरा सॉस, याबद्दल नॉर्वेजियन आणि स्वीडिश घराण्यांत जुना मतभेद आहे. खर्डा चमच्याने खाणाऱ्या माझ्या नवऱ्याने पहिल्या तुकड्यानंतर काटा खाली ठेवला. पलीकडे ऐंशी पार केलेले एक आजोबा तिसऱ्यांदा वाढून घेत होते. मिरपूड न घालता.

हे सपकपण आकाशातून पडलेलं नाही. ते उपदेशाने आणि निर्धाराने घडवलेलं आहे. 1794 साली जन्मलेले सिल्वेस्टर ग्रॅहम हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक गावोगाव व्याख्यानं देत सांगत की मोहरी, मिरी, मांस, दारू यांनी माणसाच्या वासना चाळवतात. तेव्हा जाड्या पिठाची पोळीवजा भाकरी खावी, पाणी प्यावं आणि मन शांत ठेवावं. बॉस्टनचे बेकरीवाले आणि खाटीक चिडून त्यांच्यावर चालून गेले होते. हे ग्रॅहमबुवा रत्नागिरीत माझ्या आजीला भेटले असते तर दोघांचं छान जमलं असतं. चातुर्मासात कांदा-लसूण घराबाहेर काढणाऱ्या आजीला त्यांचा एकही मुद्दा नवा वाटला नसता. फक्त हे सांगायला एवढी व्याख्यानं कशाला, असं तिने विचारलं असतं. आज त्यांच्या नावाची गोड बिस्किटं मिळतात. त्यांच्यामध्ये भाजलेला मार्शमॅलो आणि चॉकलेट दाबून मुलं खातात, तेव्हा वासनांचं जे काही होतं ते बुवांनी न पाहिलेलंच बरं.

त्यांच्या मागून मिशिगनमध्ये बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग आले. त्यांचंही म्हणणं तेच: जेवण जितकं बेचव, तितका माणूस शुद्ध. त्यातून 1894 साली धान्याचे कुरकुरीत पापुद्रे निघाले, जे आता मुंबई-पुण्याची मुलं दुधात बुडवून खातात. 1896 साली बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंचं पाककृतींचं पुस्तक आलं. त्यांनी सपाट चमचा, सपाट वाटी असं काटेकोर माप शिकवलं. 'अंदाजाने घाला' म्हणणाऱ्या आपल्या आत्या-मावश्यांना ही बाई कधीच आवडली नसती. त्या काळच्या शिकलेल्या अमेरिकन गृहिणीला ताटात पसारा खपत नसे. भाजी, मासा, कोंबडी, जे असेल त्यावर पांढऱ्या सॉसची चादर घालून ते झाकायचं. पुढे इटालियन, ज्यू, मेक्सिकन लोक येऊ लागले तेव्हा त्यांना कमी मसाल्याचं खायला शिकवणं हे समाजकार्य झालं. 1922 साली बर्था वुड या आहारतज्ज्ञ बाईंनी परदेशातून आलेल्यांच्या आहारावर पुस्तकच लिहिलं. त्यात मेक्सिकन लोकांची मिरची आणि ज्यूंची लोणची या दोन्हींबद्दल नाराजी आहे. आमच्या आंब्याच्या लोणच्यापर्यंत त्या पोहोचल्या नाहीत, हे लोणच्याचं भाग्य.

यातली खरी गंमत माझा नवरा आजही मान्य करत नाही. मिरची अमेरिकेची आहे. या खंडातले मूळ रहिवासी हजारो वर्षं ती खात होते. कोलंबस आमची काळी मिरी शोधायला निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला; मग पोर्तुगीजांनी त्या किनाऱ्यावरची मिरची गोव्याला आणली. सोळाव्या शतकापूर्वी आपल्याकडे मिरची नव्हतीच. म्हणजे मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, तेव्हा सोबत ठेचा नव्हता. हे मी कोल्हापूरच्या एका पंगतीत सांगितलं, तेव्हा सगळ्यांचे हात ताटात थांबले. मोठे दीर म्हणाले, "वहिनी, असलं पुस्तकात वाचत जाऊ नका." बटाटाही तिकडचा, टोमॅटोही तिकडचा, हे मी मग सांगितलं नाही. वडा तळायचा बाकी होता.

म्हणजे व्यवहार असा झाला: त्यांनी आम्हाला मिरची दिली, आम्ही त्यांना मिरी दिली, आणि दोघांपैकी फक्त आम्ही मिळालेली वस्तू वापरली.

अर्थात अमेरिका म्हणजे मिनेसोटा नव्हे, जसा महाराष्ट्र म्हणजे माझं माहेर नव्हे. न्यू मेक्सिको राज्याला अधिकृत राज्यप्रश्न आहे: 'लाल की हिरवी?' म्हणजे जेवणावर कुठल्या मिरचीचा सॉस घालू? कोल्हापूरला वेगळं राज्य मिळालं तर 'तांबडा की पांढरा?' हा प्रश्न आयता तयार आहे. लुइझियानात टबॅस्को 1868 पासून बनतंय. नॅशव्हिलच्या हॉट चिकनची जन्मकथा तर आमच्या सासरच्यांना फार आवडते. थॉर्न्टन प्रिन्स नावाचे गृहस्थ रात्री उशिरा घरी आले म्हणून त्यांच्या मैत्रिणीने सूड घ्यायला कोंबडीवर वाट्टेल तेवढी मिरची थापली, आणि त्यांनी ती खाऊन आणखी मागितली, अशी सांगोवांगी आहे. त्या घराण्याचं दुकान अजून चालतं. सूड फसला की धंदा होतो.

आणि तिखट मोजायची पट्टीसुद्धा निघाली ती आमच्यासारख्याच एका थंड राज्यात, मिशिगनमध्ये. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीत विल्बर स्कोव्हिल हे औषधशास्त्रज्ञ 1912 साली मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत बसले होते. पाच जणांनी चाखायचं आणि तिखटपणा लागेनासा होईपर्यंत पाणी वाढवत न्यायचं. खटाटोप कशासाठी? दुखऱ्या अंगाला चोळायच्या मलमासाठी. मिरची पोटात जावी हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्या पट्टीवर ढोबळी मिरची शून्य, हालापेन्यो अडीच ते आठ हजार, आणि आसामची भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर. 2007 साली भूत जोलोकियाला जगात पहिला नंबर मिळाला, तेव्हा नवऱ्याने आसामचा विजय स्वतःच्या घरचा असल्यासारखा साजरा केला. आता तो मान साउथ कॅरोलिनातल्या एड करी यांच्या 'पेपर एक्स'कडे आहे. 2023 साली तिची नोंद झाली, सव्वीस लाखांच्या पुढे. आडनावाला जागले म्हणायचं.

तिखट ही मुळात चव नाहीच, असं शास्त्र म्हणतं. 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारं जे प्रथिन आपल्या मज्जातंतूंवर असतं, त्यालाच मिरचीतलं कॅप्सेसिन जाऊन चिकटतं, आणि जीभ मेंदूला कळवते की तोंडाला आग लागली आहे. हे डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 साली दाखवलं आणि 2021 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पक्ष्यांना ही आग लागत नाही. पोपट मिरची खाताना हसतो तो उगाच नव्हे. पॉल रोझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात पाहिलं की तिथली कुत्री-डुकरं गावाचं तिखट खरकटं रोज खातात, पण तिखट आणि बिनतिखट शेजारी ठेवलं तर आधी बिनतिखट उचलतात. म्हणजे मुद्दाम, हौसेने, डोळे पुसत तिखट खाणारा प्राणी माणूसच. "कुत्र्याला काय कळतंय," हा आमच्या घरचा अभिप्राय.

या आगीवर उतारा पाणी नाही, दूध. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धुऊन नेतं. आणि मिनेसोटातली जुनी माणसं रात्रीच्या जेवणाबरोबर ग्लासभर थंड दूध पितात! समोरच्या आजींच्या टेबलावर रोज उतारा तयार असतो; विष मात्र त्या घरात कोणी आणत नाही. मी एकदा आणलं. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हाताने, हिरवी मिरची अर्धी आणि तीही बी काढून. पॉटलकच्या टेबलावर ठेवून मी पाणी प्यायला गेले, परत येते तर भांड्यासमोर कार्ड उभं होतं: 'तिखट', आणि त्याखाली कोणीतरी मन लावून काढलेल्या तीन ज्वाला. उपासाच्या खिचडीला. माझ्या सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांनी तो सगळ्या भावकीला दाखवला.

नवऱ्याला खरा आसरा मिळाला सेंट पॉलमध्ये. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून ह्माँग निर्वासित मोठ्या संख्येने इथे आले, आणि ह्माँगटाउन मार्केटप्लेस हा त्यांचा बाजार आता गजबजलेला असतो. तिथे कच्च्या पपईची कोशिंबीर खलबत्त्यात ठेचून देतात आणि ठेचायच्या आधी विचारतात, किती मिरच्या? अमेरिकेत आल्यापासून त्याला हा प्रश्न प्रथमच कोणी विचारला होता. त्याने पंजा दाखवला. बाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पाच बारक्या मिरच्या टाकून दस्ता चालवला. तेव्हापासून तो दर शनिवारी तिथे जातो. दोघांमध्ये समान भाषा एकही नाही. पंजा मात्र कधी कधी सहावर जातो.

आता तर सगळंच उलटंपालटं व्हायला लागलंय. समोरच्या आजींचा कॉलेजातला नातू कवट्यांची चित्रं असलेल्या सॉसच्या बाटल्या जमवतो. यूट्यूबवर प्रसिद्ध लोक एकाहून एक जहाल सॉस चाखत मुलाखती देतात, ते पाहून त्याला हा नाद लागला. एकदा तो ठेचा मागायला आमच्या दारात आला. नवऱ्याने त्याला भाकरी करून वाढली, जी तो माझ्यासाठीही कधी करत नाही. पोराचा चेहरा लाल झाला, कान लाल झाले, केस मुळात लालच होते. पण त्याने ताट संपवलं. "नाद खुळा!" नवरा म्हणाला, आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला आमच्या लेकीची दया आली.

कारण आमची लेक इथे वाढली, आणि तिला मॅकरोनी-चीज आवडतं. डब्यातलं, नारिंगी. त्यावर केचप. वरणात हिंग जास्त झाला तरी 'झोंबतंय' म्हणते. गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरला नेलं. आत्याने पंगतीत तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से ठेवले. लेकीने तांबड्याकडे पाहून वाटी दूर सारली आणि पांढरा मात्र विश्वासाने जवळ ओढला. पांढरा, दाटसर, आपल्या ओळखीचा. चर्चच्या तळघरात अशाच रंगाचं जेवण जेवून ती मोठी झाली होती. पांढऱ्या रश्शात मिरी, हिरवी मिरची आणि आलं काय करतं, हे तिला कोण सांगणार? तिने वाटी तोंडाला लावली. पुढच्या क्षणी सगळी भावकी दुधाच्या शोधात धावत होती, आणि सासूबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आईवर गेलीया."

घरी मी हॉटडिश करते. लेकीमुळे करावाच लागतो. टर्कीचा खिमा, पण आलं-लसूण वाटून, कांदा-लसूण मसाला घालून, वर कढीपत्त्याची फोडणी. सूप तेच, टेटर टॉट्सची रांगही तीच. तिच्यासाठी कोपऱ्यात एक बिनमसाल्याची चौकट सोडते. समोरच्या आजींनी तो एकदा चमचाभर खाल्ला, दूध प्यायल्या, पुन्हा चमचाभर खाल्ला आणि कृती मागितली. मी कार्डावर नीट लिहून दिली, सपाट चमच्यांच्या मापात. पुढच्या पॉटलकला टेबलाच्या मधोमध त्यांचं भांडं होतं, 'भारतीय हॉटडिश' असं कार्ड लावलेलं. लोकांनी रांग लावली. निवृत्त पोस्टमास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, भारतीय जेवणाला आपण आजवर उगाच घाबरत होतो. आजी खुलल्या होत्या. मी आत काय-काय घातलंय ते विचारलं, तर त्या माझ्या कानाशी आल्या. मसाला जरा जहाल वाटला म्हणून वगळला, म्हणाल्या. मिरची तर वगळलीच. कढीपत्ता कुठे मिळतो ठाऊक नव्हतं, आलं नातवाने संपवलं होतं, आणि लसणाचा वास चर्चमध्ये बरा दिसला नसता.

"कांदा मात्र ठेवलाय," त्या हळूच म्हणाल्या. "फार तिखट नाही ना झालं?"